संकरित टोमॅटोचे बी वांझ नसते

“संकरित भाजीचे बी वांझ असते, ते रुजतच नाही,” हा समज नाशिकच्या टोमॅटो उत्पादकांमध्येही वर्षानुवर्षे फिरत आहे. त्यामागे खरा अनुभव आहे: राखून ठेवलेल्या बियांपासून पुढच्या हंगामात एकसारखी फळे मिळत नाहीत. मात्र त्याचे कारण वांझपणा नसून, दोन वाणांचे एकत्र आलेले गुण दुसऱ्या पिढीत पुन्हा वेगवेगळे वाटले जातात, हे आहे. दूरच्या प्रजातींच्या संकरात अडथळे येतात, हे खरे; तरीही मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना (मातीतील सूक्ष्म जंतांना) रोखणारा पेरू देशातील रानटी टोमॅटोचा गुण १९४०च्या दशकात, कोवळा भ्रूण पोषक माध्यमात वाढवून, लागवडीच्या टोमॅटोत आणला गेला आणि त्या वंशातील वाणांचे बी आजही उगवते. पडताळण्यासाठी पिकलेल्या संकरित टोमॅटोचे बी धुऊन, सुकवून कुंडीत पेरावे. उबदार हवेत साधारण आठवड्याभरात अंकुर दिसतात.