पार्श्वभूमी : जीवनसत्त्वांची वाफ आणि कायद्यातली फट

फुप्फुसांवाटे जीवनसत्त्व देण्याची कल्पना ई-सिगारेटपेक्षा जुनी आहे. पंडुरोगाच्या एका प्रकारात अन्नातले बी-१२ आतड्यांतून शोषले जात नाही. अशा रुग्णांना ते श्वासावाटे देता येईल का, हे १९५० आणि १९६० च्या दशकांत तपासले गेले. ते प्रयोग मोजक्या रुग्णांवर आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली झाले होते. २०१० नंतर अमेरिकेत निकोटिनविरहित, सुगंधी ‘व्हिटॅमिन व्हेप’ (जीवनसत्त्वांची वाफ ओढण्याची कांडी) विकणाऱ्यांनी त्यांचाच दाखला दिला, पण त्यांचे उपकरण द्रव तापवून वाफ काढणारे होते आणि गिऱ्हाईक निरोगी तरुण होते.

ही उत्पादने नेमकी कोणत्या कायद्यात बसतात, हा खरा वादाचा मुद्दा आहे. १९९४ च्या अमेरिकी कायद्याने पूरक आहाराला पूर्वपरवानगीशिवाय बाजारात येण्याची मोकळीक दिली, मात्र पूरक आहार म्हणजे तोंडावाटे पोटात जाणारा पदार्थ, अशी अट घातली. त्यामुळे श्वासावाटे घेतलेले जीवनसत्त्व पूरक आहार ठरत नाही. आजार बरा होतो असा दावा केला तर ते औषध ठरते आणि मंजुरी घ्यावी लागते. २०१६ मध्ये ई-सिगारेटी तंबाखूविषयक नियमांखाली आल्या, पण तंबाखूशी संबंध नसलेली कांडी त्यांतूनही निसटली. ‘उत्साह’, ‘ताजेपणा’ असे मोघम शब्द वापरून विक्रेते या फटीत वर्षानुवर्षे टिकले. असे कोणतेही व्हेप उपचारासाठी मंजूर नाही आणि ते धोकादायक ठरू शकते, असा इशारा तिथल्या औषध नियामकाने डिसेंबर २०२१ मध्ये दिला. हा इशारा फार उशिरा आला, असेच म्हणावे लागते.

कारण तोपर्यंत २०१९ ची साथ होऊन गेली होती. व्हेप ओढणाऱ्यांच्या फुप्फुसांना झालेल्या इजेमुळे फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ जण दगावले. तपासलेल्या ५१ रुग्णांपैकी ४८ जणांच्या फुप्फुसांतील द्रवात व्हिटॅमिन ई ॲसिटेट सापडले. व्हेपमध्ये बसवायच्या, गांजाचा अर्क भरलेल्या नळकांड्यांत ते द्रव दाट करण्यासाठी मिसळले जात होते. बी-१२ च्या कांड्यांवर हा ठपका नव्हता, हे नोंदवायला हवे. तरीही, गोळ्यांत आणि त्वचेच्या क्रीममध्ये वर्षानुवर्षे निर्धोक मानलेला पदार्थ तापवून फुप्फुसात गेल्यावर काय करू शकतो, हे त्या आकड्यांनी दाखवले.

भारताने त्याच वर्षी वेगळा मार्ग धरला. सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने आणि नंतरच्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक व जाहिरात यांवर बंदी आली. निकोटिन असो वा नसो, पदार्थ तापवून ओढण्याजोगे तुषार करणारे उपकरण या व्याख्येत येते, त्यामुळे जीवनसत्त्वाची कांडीही सुटत नाही. १९४० च्या औषध कायद्याखाली परवाना मिळालेली उत्पादने तेवढी वगळलेली आहेत. शाकाहारामुळे बी-१२ ची कमतरता आपल्याकडे पुष्कळ आढळते आणि तिच्यावर गोळ्या व इंजेक्शने सहज मिळतात.