फॉरमॅट मारण्याआधी सेक्टर बघा

जुना डेस्कटॉप सुरू व्हायला दहा मिनिटं घेऊ लागला की ठरलेला सल्ला मिळतो, "व्हायरस असेल, फॉरमॅट मारून घे." मला हा सल्ला मनापासून खटकतो. बऱ्याचदा दुखणं विंडोजचं नसतंच, हार्ड डिस्कच्या तबकडीचं असतं. फॉरमॅटने ते झाकलं जातं आणि डेटा मात्र कायमचा जातो.

डेस्कटॉपमधली तबकडी साधारणपणे मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. डेटा ५१२ किंवा ४०९६ बाइटच्या छोट्या तुकड्यांत, म्हणजे सेक्टरमध्ये असतो आणि प्रत्येक सेक्टरसोबत चूक दुरुस्त करणारा कोड लिहिलेला असतो. थोडे बिट चुकले तर हा कोड ते सावरतो. चुका त्याच्या आवाक्याबाहेर गेल्या की डिस्क तोच सेक्टर पुन्हा वाचते, हेड (तबकडीवरून डेटा वाचणारं टोक) किंचित सरकवून परत वाचते, आणि दर वेळी एका फेऱ्यासाठी थांबते. एकेका सेक्टरवर असे कित्येक सेकंद जातात. विंडोज सुरू होताना लागणाऱ्या फाइल्समध्येच असे सेक्टर निघाले, तर पडदा काळाच राहणार.

सगळे प्रयत्न फसले तरी डिस्क तो सेक्टर लगेच बाद करत नाही, आणि हे मला फार आवडतं. राखीव सेक्टर असतात, पण त्यात लिहायचं काय? मूळ डेटाच हाती नाही. खोटा डेटा देण्यापेक्षा ती त्या सेक्टरची 'प्रलंबित' अशी नोंद करते. स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्या, तक्त्यात ही नोंद सी५ या ओळीत दिसते. पुढे त्या जागी काही नवीन लिहायची वेळ आली, की डिस्क ते लिहून तपासते. टिकलं तर नोंद पुसते; नाही टिकलं तर तो पत्ता राखीव सेक्टरला जोडते आणि ०५ या ओळीतला आकडा वाढतो. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्य लिहितो, म्हणून त्यानंतर मशीन काही दिवस पळतं. तबकडी होती तशीच असते.

बिघडलेली डिस्क फ्रीझरमध्ये ठेवायचा तोडगा तर निव्वळ अंधश्रद्धा आहे. बाहेर काढल्यावर आत दव धरू शकतं, आणि हेड तबकडीपासून जेमतेम काही नॅनोमीटरवर तरंगत असतं.

घड्याळ दर वेळी जुन्या तारखेवर जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. तो संपल्यावर बायोसमधला (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधला) साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धतही बदलू शकते आणि धडधाकट विंडोज निळा पडदा दाखवतं.

बाकी वेळी क्रिस्टलडिस्कइन्फो या स्मार्टचा तक्ता दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये आकडे बघा. ते सहसा षोडशमान पद्धतीत असतात, तिथला १० म्हणजे आपले १६. सी५ शून्य नसेल तर आधी डेटा दुसरीकडे घ्या, चेकडिस्क ही विंडोजची डिस्क तपासणी नंतर, कारण खराब सेक्टर शोधताना ती अख्खी तबकडी वाचून काढते. फक्त सी७, म्हणजे केबलमधून डेटा जाताना झालेल्या चुकांचा आकडा, वाढत असेल तर साटा केबल बदला. जुना आकडा खाली येत नाही, वाढायचा थांबला की झालं.