बेलव्ह्यू प्लेस: लिंकनबाईंना जिथे ठेवलं होतं ती इमारत

अमेरिकेतल्या शिकागोपासून साधारण साठ किलोमीटर पश्चिमेला, फॉक्स नदीच्या काठावर बटाव्हिया नावाचं गाव आहे. तिथल्या जेफरसन स्ट्रीटवर चुनखडीच्या दगडात बांधलेली एक जुनी इमारत उभी आहे. आज तिच्यात भाड्याच्या सदनिका आहेत. ही इमारत एके काळी 'बेलव्ह्यू प्लेस' म्हणून ओळखली जायची. मानसिक आजार असलेल्या (किंवा तसा शिक्का बसलेल्या) श्रीमंत घरच्या स्त्रियांसाठीचं ते खासगी रुग्णालय. अध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्या विधवा पत्नी मेरी टॉड लिंकन १८७५ च्या उन्हाळ्यात पावणेचार महिने इथे होत्या. इमारत आज लोकांना माहीत आहे ती मुख्यतः त्या पावणेचार महिन्यांमुळे.

मुळात ती रुग्णालय म्हणून बांधलेलीच नव्हती. १८५३ मध्ये गावातल्या काही प्रतिष्ठितांनी मिळून 'बटाव्हिया इन्स्टिट्यूट' ही खासगी शाळा काढली आणि तिच्यासाठी ही वास्तू उभी केली. दगड गावचाच, बटाव्हियाच्या खाणी तेव्हा नावाजलेल्या होत्या. शाळा फार काळ टिकली नाही. १८६७ मध्ये डॉ. रिचर्ड पॅटरसन यांनी तिथे रुग्णालय सुरू केलं. पॅटरसन या क्षेत्रात मुरलेले होते, इंडियाना आणि आयोवा राज्यांतल्या सरकारी मनोरुग्णालयांचे ते अधीक्षक राहिले होते. सरकारी इस्पितळातली गर्दी त्यांनी जवळून पाहिली होती. इथे त्यांनी नेमकं उलटं केलं. मोजके रुग्ण, स्वतंत्र खोल्या, मोठी बाग, फिरायला घोडागाडी. जाहिरातीत ते विश्रांती, पथ्याचा आहार, स्नान, मोकळी हवा, कामात मन रमवणं आणि गरजेपुरतंच औषध अशी उपचारपद्धती सांगत. अर्थात, 'गरजेपुरतं' या शब्दात बरंच काही बसायचं: क्विनाइन, मॉर्फिन, बिअर, शिवाय भांग-गांजाच्या झाडाचा अर्क. हा अर्क पाश्चात्त्य वैद्यकात गेला तो आपल्याकडूनच. विल्यम ओशॉनेसी या कंपनी सरकारच्या डॉक्टरने कलकत्त्यात त्याचे प्रयोग करून १८३९ मध्ये निष्कर्ष मांडले होते.

१८६७ या वर्षाला आणखी एक महत्त्व आहे, आणि ते समजल्याशिवाय मेरी लिंकन यांचं प्रकरण कळत नाही. तोपर्यंत इलिनॉय राज्यात (शिकागो आणि बटाव्हिया याच राज्यात येतात) नवऱ्याला बायकोला वेड्यांच्या इस्पितळात टाकायचं असेल तर न्यायालयात जावं लागत नसे. एलिझाबेथ पॅकार्ड या पाद्र्याच्या पत्नीला १८६० मध्ये असंच जॅक्सनव्हिलच्या सरकारी इस्पितळात धाडलं गेलं. धर्माच्या बाबतीत तिची मतं नवऱ्याशी जुळत नव्हती, हा तिचा मुख्य अपराध. तीन वर्षं ती आत होती. बाहेर आल्यावर नवऱ्याने घरात कोंडलं, तेव्हा १८६४ मध्ये प्रकरण न्यायालयात गेलं आणि ज्युरीने अवघ्या सात मिनिटांत तिला शहाणी ठरवलं. त्यानंतर तिने चळवळ उभारली आणि १८६७ मध्ये कायदा झाला: ज्युरीसमोर सुनावणी झाल्याखेरीज कुणालाही असं डांबता येणार नाही.

चांगला कायदा. पण त्यामुळेच लिंकनबाईंचं खासगी दुःख भर न्यायालयात, वार्ताहरांसमोर उघडं पडलं.

मेरी यांनी चार मुलांपैकी तीन गमावली होती: १८५० मध्ये एडी, १८६२ मध्ये विली, १८७१ मध्ये टॅड. नवऱ्याला १८६५ मध्ये शेजारच्या खुर्चीत बसलेला असताना गोळी घातली गेली. उरला फक्त थोरला मुलगा रॉबर्ट, शिकागोतला वकील. १८७५ च्या मार्चमध्ये फ्लोरिडात असताना रॉबर्ट मरणाच्या दारात आहे असं त्यांच्या मनाने घेतलं. त्या तारा पाठवत धावत शिकागोला आल्या, तर मुलगा ठणठणीत. पुढे हॉटेलात राहत असूनही पडद्यांची खरेदी, आगीची धास्ती, कुणीतरी पाळत ठेवतंय हा संशय. अंगावरच्या कपड्यांत शिवलेले ५६ हजार डॉलरचे रोखे त्या जवळ बाळगून होत्या. १९ मे रोजी त्यांना हॉटेलातून थेट न्यायालयात नेलं गेलं. तयारीला वेळ नाही, वकील दिला तोही मुलाच्या बाजूच्यांनी निवडलेला. सतरा साक्षीदार झाले: डॉक्टर, हॉटेलचे नोकर, दुकानदार आणि खुद्द रॉबर्ट. बचावासाठी एकही साक्षीदार उभा केला गेला नाही. बारा पुरुषांच्या ज्युरीने दहाएक मिनिटांत त्या वेड्या असल्याचा निकाल दिला. निकालात सरकारी इस्पितळाचा उल्लेख होता, पण दुसऱ्या दिवशी त्यांची रवानगी झाली ती बटाव्हियाला.

तिथे तेव्हा वीसेक स्त्रिया होत्या. मेरी यांना मात्र पॅटरसन कुटुंब राहायचं त्या भागात, दुसऱ्या मजल्यावर खोली आणि एक परिचारिका दिली होती. छळ झाला असं म्हणायला आधार नाही. कैद मात्र होतीच. रुग्णालयाची दैनंदिन नोंदवही होती आणि तिच्यात 'मिसेस लिंकन' यांच्याबद्दल बारीकसारीक लिहून ठेवलेलं आहे: घोडागाडी मागवली आणि मग फिरायला जायचं नाही म्हणाल्या; न्याहारीला अमुक हवं म्हणून सांगितलं आणि आलं तेव्हा हात लावला नाही. या नोंदी आजाराचा पुरावा म्हणून वाचता येतात. ज्या बाईच्या हातात न्याहारीखेरीज कशाचाच निर्णय उरलेला नाही, तिचा हेका म्हणूनही वाचता येतात. मला दुसरं वाचन अधिक पटतं, कारण त्याच काळात ही बाई अगदी डोकं शांत ठेवून सुटकेची योजना आखत होती.

बहिणीला पत्र टाकायचं आहे असं सांगून त्यांनी बाहेर भलत्याच पत्त्यांवर पत्रं पाठवली. त्यातलं एक जेम्स ब्रॅडवेल यांना. त्यांच्या पत्नी मायरा ब्रॅडवेल म्हणजे 'शिकागो लीगल न्यूज' चालवणाऱ्या बाई. केवळ स्त्री म्हणून वकिलीची सनद नाकारली गेल्याने ज्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि १८७३ मध्ये तिथेही हरल्या. अशा बाईला हे प्रकरण कळणं म्हणजे पॅटरसनसाहेबांची झोप उडणंच. मायरा बेलव्ह्यूला येऊ लागल्या आणि एकदा 'शिकागो टाइम्स'च्या बातमीदारालाही सोबत घेऊन आल्या. तो बातमीदार आहे याचा आत कुणाला पत्ता नव्हता. ऑगस्टमध्ये बातमी छापून आली: लिंकनबाई शहाण्या आहेत. रॉबर्टने मत मागवलं ते डॉ. अँड्र्यू मॅकफर्लंड यांचं. हे तेच अधीक्षक, ज्यांच्या इस्पितळात एलिझाबेथ पॅकार्ड तीन वर्षं होती. त्यांनी सुटकेला अनुकूल मत दिलं नाही. तरीही ११ सप्टेंबरला मेरी बहिणीकडे स्प्रिंगफील्डला गेल्या आणि १५ जून १८७६ ला दुसऱ्या ज्युरीने त्यांना पूर्ववत शहाण्या ठरवलं. त्या १८८२ मध्ये, त्याच बहिणीच्या घरी वारल्या.

पॅटरसन १८९३ मध्ये वारले. त्यांच्यानंतरही रुग्णालय काही काळ चाललं, विसाव्या शतकात तिथे अविवाहित मातांसाठी आश्रयगृह आलं आणि मग सदनिका झाल्या. त्या काळची भव्य सरकारी मनोरुग्णालयं पाहिली तर ही इमारत वाचण्याचं कारण लक्षात येतं. मॅसॅच्युसेट्समधल्या डॅनव्हर्सचा बहुतेक भाग २००६-०७ च्या सुमारास पाडला गेला, न्यू जर्सीतल्या ग्रेस्टोनची अजस्र मुख्य वास्तू २०१५ मध्ये गेली. रुग्ण बाहेर पडले की अशा अवाढव्य इमारतींचं करायचं काय, याला उत्तर नसतं. बेलव्ह्यू लहान होतं, बांधणी घरासारखी होती, त्यामुळे दर पिढीला तिचा काही ना काही उपयोग सापडला. १९७६ मध्ये तिची नोंद ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत झाली. या नोंदीने खासगी मालकाला स्वतःच्या पैशाने तोडफोड करण्यापासून अडवता येत नाही, हेही सांगायला हवं. आणि नोंद आहे ती 'बटाव्हिया इन्स्टिट्यूट' या नावाने. शाळेचं नाव अभिमानाने मिरवता येतं, मनोरुग्णालयाचं तसं नसतं!

आत लोक राहतात, त्यामुळे मेरी यांची खोली पाहायला म्हणून कुणाला जाता येत नाही. त्यांचा पलंग आणि आरशाचं कपाट गावातल्या डेपो म्युझियममध्ये आहे. १८५४ सालचं हे रेल्वे स्थानक १९७३ मध्ये उचलून आताच्या जागी आणलं गेलं आणि तिथे संग्रहालय झालं.

कागदांची कथा निराळी. रॉबर्टच्या व्हरमाँटमधल्या 'हिल्डीन' या घरी १९७५ मध्ये आईच्या वेडाबद्दलची एक जपून ठेवलेली फाइल सापडली. पत्रं, हिशेब, डॉक्टरांची मतं, सगळं मुलाच्या बाजूचं. मेरी यांनी मायरा ब्रॅडवेल यांना लिहिलेली पत्रं मात्र लिंकन कुटुंबाने १९२८ मध्ये ब्रॅडवेल यांच्या नातीकडून विकत घेतली आणि ती नाहीशी झाली. २००५ मध्ये रॉबर्टच्या वकिलाच्या वारसांकडे एका जुन्या ट्रंकेत त्यांच्या नकला मिळाल्या, आणि बेलव्ह्यूतून मेरी स्वतः काय लिहीत होत्या ते सव्वाशे वर्षांनी वाचायला मिळालं. त्यानंतरही मेरी यांना नेमकं काय झालं होतं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी द्विध्रुवीय विकार म्हणतं, कुणी ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रक्तक्षय, तर कुणी रॉबर्टला दोष देतं. निकालानंतर त्यांनी अफूचा अर्क पिऊन जीव द्यायचा प्रयत्न केला होता का, यावरही वाद चालूच आहे.