कॅसच्या फाइलसाठी जर्नलचा दर्जा: पात्रता, पडताळणी आणि कागदपत्रे

नाशिकमधील सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत पदोन्नतीची, म्हणजे ‘कॅस’ची, फाइल तयार होऊ लागली की पेपर किती झाले यापेक्षा ते कुठे छापले, यावरच अधिक खल होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार सहयोगी प्राध्यापकपदाच्या थेट भरतीसाठी किमान ७ आणि प्राध्यापकपदासाठी किमान १० शोधनिबंध तज्ज्ञ-समीक्षित किंवा आयोगाच्या यादीतील जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेले असावे लागतात. यातील ‘यादी’ हा शब्द आता जपून वाचावा, कारण २०१९ पासून प्रमाण मानली गेलेली मान्य जर्नलची ‘केअर’ यादी आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली आणि पारखण्याचे निकष तेवढे सुचवून निवडीची जबाबदारी संशोधक व संस्थांवर सोपवली.

दर्जाचे सर्वाधिक चालणारे माप म्हणजे क्लॅरिव्हेट कंपनीचा इम्पॅक्ट फॅक्टर. समजा, द्राक्षावरील रोगांचे संशोधन छापणाऱ्या एखाद्या जर्नलने २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत मिळून १२० लेख छापले आणि २०२४ मध्ये त्या लेखांचे संदर्भ इतरांनी ३०० वेळा दिले, तर त्याचा २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर २.५ होतो. २०१८ च्या विनियमांतील संशोधन-गुणांच्या तक्त्यात इम्पॅक्ट फॅक्टरच्या २ ते ५ या गटाला २० वाढीव गुण आहेत, तर १ ते २ या गटाला १५. दोन लेखक असल्यास प्रत्येकाला एकूण गुणांच्या ७० टक्के मिळतात. इम्पॅक्ट फॅक्टर हा आकडा जर्नलचा असतो, आपल्या निबंधाचा नव्हे, हे समितीपुढेही पुष्कळदा विसरले जाते. स्कोपस या संशोधन-सूचीवर आधारलेला साइटस्कोअर चार वर्षांचा हिशेब धरतो, त्यामुळे दोन्ही आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करू नये. क्यू-वन (वरचा चतुर्थांश) ते क्यू-फोर (खालचा चतुर्थांश) ही प्रतवारी विषयागणिक ठरते. एकच जर्नल एका विषयात क्यू-वन आणि दुसऱ्यात क्यू-टू असू शकते.

पडताळणी स्वतः करावी. क्लॅरिव्हेटची मास्टर जर्नल लिस्ट आणि स्कोपसची स्रोतसूची मोफत पाहता येतात. तेथे जर्नलचे केवळ नाव न जुळवता आयएसएसएन क्रमांकही जुळवावा, कारण नामांकित जर्नलच्या नावाची हुबेहूब संकेतस्थळे काढून पैसे उकळले जातात. आयएसएसएन ही केवळ ओळख आहे. ती दर्जाची हमी नाही. प्रमाणपत्रावर ‘इंटरनॅशनल इम्पॅक्ट फॅक्टर ७.३६७’ असे सोनेरी अक्षरांत छापलेले दिसले तर सावध व्हावे: क्लॅरिव्हेट स्वतः २०२३ पासून एकच दशांश स्थळ देते. असे प्रमाणपत्र मीही एकदा हौसेने लॅमिनेट करून घेतले होते. छाननीत ते बाजूला काढले गेले.

फाइलमध्ये प्रत्येक निबंधामागे जर्नलचे मुखपृष्ठ, संपादक मंडळाचे पान, अनुक्रमणिका, संपूर्ण निबंध, स्वीकृतीचे पत्र आणि सूचीतील नोंदीची छापील प्रत लावावी. ही प्रत प्रसिद्धीच्याच वर्षी, तारीख आणि संकेतस्थळाचा पत्ता दिसेल अशी काढून ठेवावी. जर्नल पुढे सूचीतून वगळले जाऊ शकते, आणि मग आयक्यूएसीच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या गुणवत्ता हमी कक्षाच्या, समन्वयकांनी पुरावा मागितला की कॉलेज रोडवरच्या झेरॉक्सच्या दुकानातून तो मिळत नाही.

मराठी, इतिहास अशा विषयांच्या बऱ्याच जर्नलना इम्पॅक्ट फॅक्टर नसतोच. त्या प्राध्यापकांनी आकड्यामागे न धावता निबंधाची समीक्षा झाल्याचा पुरावा, म्हणजे समीक्षकांचे अभिप्राय आणि त्यावरील आपले उत्तर, जपून ठेवावा; भाषा व सामाजिक शास्त्रांत समीक्षित निबंधाला मूळ १० गुण आहेत, विज्ञानात ८.