ड्रम मशीनला लय कोणी सांगतच नाही

संगणकावरच्या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये लय १२० (मिनिटाला १२० मात्रा) ठेवली, मिडी (वाद्यांना एकमेकांशी जोडणारी डिजिटल भाषा) केबल जोडली, की ड्रम मशीनही १२० वर चालणार, असा सर्रास समज आहे. पण त्या केबलमधून १२० हा आकडा कधी जातच नाही. जातात त्या नुसत्या टिका (वेळेचे इशारे), दर मात्रेला २४; यालाच क्लॉक म्हणतात. मशीन त्यांच्यातलं अंतर मोजतं आणि लय ताडतं.

१२० च्या लयीत मात्रा ५०० मिलिसेकंदांची, म्हणजे दोन टिकांत २०.८३ मिलिसेकंद. एक टिक फक्त १ मिलिसेकंद उशिरा आली, तर तेवढ्यापुरता हिशेब ११४.५ निघतो. पुढची टिक वेळेवर आली की तेच अंतर १९.८३ भरतं आणि हिशेब उडतो १२६ वर! म्हणून बरीच मशिनं अनेक टिकांची सरासरी काढतात. मग लय मुद्दाम बदलली की त्यांना ते जरा उशिरा उमगतं.

टिक उशिरा येतेच का? १९८३ चं मिडी सेकंदाला ३१,२५० बिट पाठवतं. एका बाइटला १० बिट, म्हणजे ३२० मायक्रोसेकंद. टिक एकाच बाइटची असते आणि तिला दुसऱ्या संदेशाच्या मध्येच घुसायची मुभा आहे. तेव्हा केबल बिचारी निर्दोष. (सोन्याचा मुलामा दिलेल्या केबलने ‘ग्रूव्ह घट्ट होतो’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब करून पाहावा.) गोंधळ घालतो संगणक: दहा कामांतून वेळ काढून तो टिक पाठवतो. शिवाय मिडीसाठी सहसा वापरला जाणारा यूएसबीचा प्रकार माहिती १ मिलिसेकंदाच्या खेपांनी नेतो.

आधी मोजा. मशीनचा किक (बास ड्रमचा ठोका) मात्रेवर ठेवून १६ आवर्तनं सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करा आणि तरंग मोठा करून पाहा. ४४,१०० च्या सॅम्पल रेटवर (सेकंदाला आवाजाचे तेवढे नमुने) प्रत्येक ठोका ४४१ सॅम्पल मागे असेल, तर तो १० मिलिसेकंदांचा ठरावीक उशीर; सॉफ्टवेअरमध्ये क्लॉकचा ऑफसेट (वेळ पुढेमागे सरकवायची सेटिंग) उणे १० केला की मिटलं. पण एक ठोका २०० ने आणि पुढचा ६०० ने मागे असेल, तर तो जिटर, म्हणजे दर वेळी बदलणारा उशीर. त्यावर कुठलाच ऑफसेट चालत नाही. यूएसबी हब काढून मशीन थेट पोर्टला लावा, स्वरांचे संदेश दुसऱ्या पोर्टवर न्या.

तरीही डुगडुगत असेल, तर सिंक-इन (बाहेरून लयीचे पल्स घेणारं सॉकेट) असलेल्या मशीनला क्लॉक ऑडिओतूनच द्या. वेगळ्या ट्रॅकवर छोटे टोकदार पल्स ठेवून ते ऑडिओ इंटरफेसच्या (संगणकातला आवाज बाहेर काढणाऱ्या पेटीच्या) मोकळ्या आउटपुटमधून सोडा. ऑडिओचा प्रत्येक सॅम्पल इंटरफेसमधल्या घड्याळाच्या स्फटिकाच्या तालावर बाहेर पडतो, त्यामुळे संगणकाची धांदल त्याला शिवत नाही. मात्रेला किती पल्स लागतात ते मशीनच्या माहितीपुस्तिकेत बघा, आवाज पुरेसा मोठा ठेवा, आणि त्या ट्रॅकवर रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) चुकूनही लावू नका. त्याच्या घुमणाऱ्या शेपटीलाही मशीन पल्स समजतं.

१९८० च्या रोलंड टीआर-८०८ या ड्रम मशीनची गोष्ट वेगळी. तिचं सिंकचं पाच पिनांचं सॉकेट हुबेहूब मिडीसारखं दिसतं, केबल बसतेही. पण तिथे मिडीचे बाइट नव्हे, व्होल्टेजचे पल्स लागतात. मध्ये कन्व्हर्टर नसेल, तर मशीन ढिम्म.