‘रिबेल स्ट्राइक’ घरी नेण्याआधी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार. ‘स्टार वॉर्स : रोग स्क्वॉड्रन ३ – रिबेल स्ट्राइक’ हा निन्टेंडोच्या गेमक्यूब मशीनवरचा, लढाऊ विमाने उडवायचा व्हिडिओ गेम आमच्याकडून विकत किंवा भाड्याने नेणाऱ्यांसाठी हा कागद आहे. डिस्क मशीनमध्ये घालण्याआधी एकदा वाचा, म्हणजे ‘गेम खराब निघाला’ असा फोन करायची वेळ येणार नाही. बहुतेकदा गेम चांगलाच असतो, आपणच चुकीच्या दारातून आत शिरलेलो असतो.

चुकीचे दार म्हणजे एकट्याने खेळायची कथा. सगळे आधी तिकडेच वळतात. त्यात ल्यूक स्कायवॉकर आणि वेज अँटिलिस या ‘स्टार वॉर्स’ सिनेमांतल्या दोन वैमानिकांची वेगवेगळी मिशन आहेत. विमान हातात आहे तोवर धमाल. मग मध्येच विमान काढून घेतात आणि हातात बंदूक देऊन जमिनीवर उतरवतात. जिओनोसिस ग्रहाच्या खडकाळ रानात पायी पळा, होथ ग्रहाच्या बर्फात टॉनटॉन नावाच्या जनावरावर बसा, एंडोरच्या जंगलात झाडे चुकवत स्पीडर बाइक (जमिनीलगत उडणारी बाइक) हाणा. ऐकायला झकास वाटते. प्रत्यक्षात पायी मिशनांत कॅमेरा मनासारखा वळत नाही आणि नेम बराचसा गेमच धरतो, त्यामुळे आपल्याला फक्त बटण बडवायचे काम उरते. २००३ साली गेम आला तेव्हा समीक्षकांचीही हीच कुरकुर होती. गेम विकणारे आम्हीच, तरी खरे ते सांगितलेले बरे. ही मिशन दात-ओठ खाऊन उरका, पुढे पुन्हा आकाश मिळते.

खरा ऐवज दोघांनी मिळून खेळायच्या विभागात आहे. त्यासाठी थोडा इतिहास. हा गेम ‘फॅक्टर ५’ या मूळच्या जर्मन, नंतर कॅलिफोर्नियात गेलेल्या कंपनीने बनवला आणि लुकासआर्ट्सने बाजारात आणला. मालिकेतला पहिला गेम १९९८ साली निन्टेंडो ६४ आणि पीसीवर आला. दुसरा, ‘रोग लीडर’, नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकेत गेमक्यूब मशीनसोबतच दुकानांत आला आणि खूप गाजला, पण तो एकट्यानेच खेळायचा होता. तिसऱ्यात त्यांनी काय केले, तर त्या दुसऱ्या गेममधली जवळजवळ सगळी मिशन स्क्रीनचे दोन भाग करून दोघांना मिळून खेळता येतील अशी आत घातली. एका डिस्कच्या पैशात दीड गेम म्हणा ना!

यातले होथचे मिशन जोडीने खेळून पाहा. चार पायांची अवाढव्य एटी-एटी यंत्रे बर्फातून चालत येतात, त्यांच्या चिलखतावर लेझरचा काही परिणाम होत नाही. स्नोस्पीडर या आपल्या छोट्या विमानातून दोर सोडायचा आणि पायांभोवती फेऱ्या मारत राहायचे, शेवटी यंत्र तोंडावर आपटते. फेरी मारताना वेग जास्त झाला तर दोर तुटतो किंवा आपणच पायावर आदळतो, म्हणून ‘एल’ बटणाने वेग आवरत राहा. एकाने दोर सांभाळावा, दुसऱ्याने आजूबाजूचा शत्रू टिपावा. दोघेही दोर टाकायला धावले की काय होते, ते घरोघरी ऐकू येणाऱ्या आरडाओरड्यावरून कळते.

एकमेकांविरुद्ध लढायचेही प्रकार आहेत : समोरासमोर हवाई झुंज, ठरलेल्या वेळात कोण जास्त लक्ष्ये उडवतो याची चढाओढ, आणि शत्रूच्या विमानांच्या लाटांपुढे टिकून राहणे. सगळे दोघांसाठीच. मशीनला चार कंट्रोलर जोडता येतात म्हणून चौघांना बोलावू नका.

बटणे थोडक्यात. ‘ए’ लेझर, ‘बी’ टॉर्पेडोसारखे दुसरे हत्यार, ‘आर’ वेग वाढवणे, ‘वाय’ दाबून धरले की शत्रू ठळक दिसतात. एक्स-विंग या लढाऊ विमानाचे पंख मिटले तर वेग वाढतो, पण तेवढा वेळ तोफा गप्प असतात. मिशन संपल्यावर वेळ, नेम, पाडलेले शत्रू, वाचवलेले सोबती, गमावलेले जीव यांचा हिशोब होऊन कांस्य, रौप्य किंवा सुवर्ण पदक मिळते आणि त्याच्या गुणांवर जास्तीची मिशन उघडतात. १९८३ चा अटारीचा जुना आर्केड गेमही आत लपवलेला आहे. शोधून काढा, कसा ते इथे लिहीत नाही.

आता मशीनबद्दल. हा गेम फक्त गेमक्यूबसाठी निघाला. निन्टेंडोच्या पुढच्या ‘वी’ (Wii) मशीनच्या सुरुवातीच्या मॉडेलवरही चालतो, म्हणजे ज्याच्या वरच्या झाकणाखाली गेमक्यूब कंट्रोलरच्या चार खोबण्या असतात ते. २०११ पासूनच्या वीमध्ये त्या नाहीत, त्यावर ही डिस्क चालणार नाही. वीचा रिमोट इथे कामाचा नाही, आणि खेळ साठवायला वीमध्येही गेमक्यूबचेच मेमरी कार्ड लागते. कार्ड नसेल तर रात्रभर मिळवलेली पदके मशीन बंद करताच गेली.

अमेरिकेतल्या मामाने किंवा आत्याने पाठवलेले मशीन असेल तर त्यावर अमेरिकी डिस्कच लागेल, युरोपची घेणार नाही. त्याहून महत्त्वाचे : गेमक्यूबचा अमेरिकी अडॅप्टर १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात थेट लावलात तर तो जळतो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर वापरा, किंवा २३० व्होल्टवर चालणारा अडॅप्टर आमच्याकडे मागा.

डिस्क फक्त ८ सेंटिमीटरची आहे, सोफ्याच्या फटीत सहज जाते. पुसायची तर मऊ, कोरड्या कापडाने मधून कडेकडे, गोल गोल नाही. टूथपेस्टचा प्रयोग करून आणलेली डिस्क आम्ही परत घेत नाही.