फेट्याचा भगवा पिवळा कसा झाला?

मे महिना, दाट लग्नतिथी. सुट्टीत मी उदगीरला होतो. तिथं आत्याच्या मुलाचं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. रात्री साडेदहाला त्याचा फोन आला, "दादा, फेटे पिवळे यायलेत. सकाळी सातला मांडवात बॅनर लागायचाय, काय करू?" मी भौतिकशास्त्र शिकवतो, मशीन दुरुस्त करत नाही. पण गेलो.

दहा बाय वीसचा बॅनर मशीनमधून अर्धा बाहेर आला होता. वरच्या रांगेतल्या काका-मामांचे फेटे झकास भगवे. खालच्या रांगेत यावं तर फेटे हळदीच्या रंगाचे आणि चेहरे अशक्त, किंचित हिरवट. नवरदेवाच्या बापाला कावीळ झाल्यासारखं दिसत होतं. भावानं तोवर तीनदा हेड क्लीनिंग, म्हणजे शाई फवारणाऱ्या भागाची सफाई, मारून बरीच शाई वाया घालवली होती.

'रंग फिके पडले' ही तक्रार मी बऱ्याच दुकानांत ऐकली आहे, आणि दर वेळी वाटतं की वाक्यच चुकीचं आहे. चारही रंग एकदम, सारख्या प्रमाणात फिके होणं फार क्वचित घडतं. बहुतेकदा एकच रंग गेलेला असतो. तो कोणता, हे ओळखल्याशिवाय मशीनला हात लावू नये.

छपाईचे मूळ रंग चार: सायन म्हणजे निळसर, मॅजेंटा म्हणजे राणी, पिवळा आणि काळा. भगवा म्हणजे भरपूर पिवळ्यावर बऱ्यापैकी मॅजेंटा. मॅजेंटा कमी पडला की भगव्यातला पिवळाच उरतो. निळ्या झेंड्यातून मॅजेंटा गेला तर तो आकाशी होतो. माणसाच्या कातडीचा रंगही मुख्यतः मॅजेंटा आणि पिवळ्यावर बेतलेला असतो, म्हणून मॅजेंटा गेला की चेहरा हिरवट दिसतो. सायन गेला तर चेहरे तांबूस होतात आणि झाडंही पिवळट पडतात. पिवळा गेला तर सगळ्यावर जांभळट छटा येते. फेटा आणि चेहरा हाच आमचा रक्ताचा रिपोर्ट होता: मॅजेंटा.

आता तो का कमी पडला? त्यासाठी हेडच्या आत डोकवावं लागतं. फ्लेक्सच्या मशीनवर ५१२ नोझलची (शाई सोडणाऱ्या बारीक छिद्रांची), ३० पिकोलीटरचा थेंब टाकणारी हेड सर्रास असतात. एक मिलीलीटर शाईत असे तीन कोटींहून जास्त थेंब मावतात. एका थेंबाचा व्यास साधारण ३९ मायक्रॉन भरतो, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जवळपास निम्मा. प्रत्येक नोझलमागे शाईची एक चिंचोळी खोली असते आणि तिची भिंत एका खास सिरॅमिकची असते. विजेचा झटका मिळाला की ती भिंत किंचित वाकते आणि थेंब बाहेर फेकला जातो. दाब दिला की वीज देणारे स्फटिक झाक आणि पिअर क्युरी या भावांनी १८८० साली दाखवले. हेडमध्ये तोच खेळ उलटा चालतो, वीज दिली की हालचाल.

थेंब बाहेर पडला की खोली पुन्हा भरावी लागते, आणि तीही सेकंदाला हजारो वेळा. ही भरणी शाईच्या पृष्ठताणावर चालते. वातीत तेल चढतं तशी शाई मागून आपोआप ओढली जाते. ओढ अगदी हलकी असते. त्यामुळे वाटेत कुठं अडथळा असेल तर थोड्या शाईचं काम निभावतं, जास्त शाई लागली की मात्र हेड उपाशी राहतं. लातूरकडच्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. गल्लीत एकट्याचीच तोटी उघडी असेल तर पाणी येतं. सगळ्यांनी मोटारी लावल्या की शेवटच्या घराची बादली भरत नाही.

नोझल चेकनं भावाला फसवलं ते इथंच. नोझल चेकमध्ये प्रत्येक नोझल एक बारीक रेघ मारतं. रेघ तुटली तर ते नोझल बंद आहे. दर वेळी त्याच जागी तुटत असेल तर कचरा किंवा वाळलेली शाई समजा. जागा बदलत असेल तर नळीत हवा शिरली आहे. आमच्या कागदावर एकही रेघ तुटली नव्हती, म्हणून भाऊ म्हणत होता, "हेड तर क्लीन आहे की." हेड खरंच साफ होतं. पण रेघांना शाई लागते किती, चिमूटभर. मी म्हटलं, पूर्ण रुंदीची शंभर टक्के मॅजेंटाची पट्टी मार, तीन फूट. पहिला अर्धा फूट गडद राणी आला, मग उतरत उतरत तिसऱ्या फुटाला बाळगुलाबी. मशीन दहा मिनिटं थांबवून तीच पट्टी पुन्हा मारली, तर सुरुवात परत गडद. म्हणजे हेड धडधाकट होतं, त्याच्यापर्यंत शाईच पुरेशी पोचत नव्हती.

शाईच्या वाटेवरचा फिल्टर उघडला. आत जेलीसारखा गुलाबी चिकट गोळा. चौकशी केल्यावर कळलं की आठवड्यापूर्वी नेहमीची शाई संपली, म्हणून दुसऱ्याच कंपनीचा स्वस्त कॅन त्याच टाकीत ओतला होता. फ्लेक्सच्या शाईत रंग विरघळलेला नसतो. रंगद्रव्याचे अतिसूक्ष्म कण द्रावकात तरंगत असतात, आणि ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून कंपनी आपापलं रसायन घालते. दोन कंपन्यांची रसायनं जमली नाहीत की कण गोळा होतात, दूध नासतं तसे. फिल्टर बदलला, टाकी आणि नळी द्रावकानं धुतली, तासाभरानं पट्टी मारली. तिसरा फूटही राणीच. बॅनर पहाटे चारला पूर्ण झाला. अर्धा छापलेला वाया गेला.

सगळे रंग थोडे थोडे उतरले असतील तर मात्र संशय हवामानावर घ्यावा. थंडीत परभणीकडं पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा सकाळी शाई दाट असते. त्याच व्होल्टेजला थेंब लहान पडतो आणि दुपारी तोच जॉब गडद निघतो. हेडला हीटर असेल तर तो चालू आहे का बघा, आणि सकाळचा पहिला जॉब घाईनं सोडू नका. उन्हाळ्यात उलटी तऱ्हा होते. कोरड्या हवेत द्रावक नोझलच्या तोंडाशीच उडून जातो आणि साय धरते. मशीनजवळ कूलर ठेवला तर हवेला ओल येते खरी, पण झोत हेडवर येता कामा नये. आठवडाभर बंद असलेल्या मशीनमध्ये रंगाचे कण तळाशी बसतात, म्हणून कॅन हलवूनच ओतावा. बाकी पास कमी ठेवणं (एकाच जागेवरून हेड कमी वेळा फिरवणं), भलतं प्रोफाइल (रंगांच्या प्रमाणाची सेटिंग) निवडणं, व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो तसाच छापणं, ही कारणं सगळ्यांना ठाऊक असतात आणि तरी घडतात.

छापताना गडद असलेला बोर्ड नंतर चौकात फिका पडतो, तो आजार निराळा आहे. त्याची तक्रारही दुकानदाराकडंच येते. आधी ओल्या फडक्यानं पुसून बघावं, पुष्कळदा नुसती धूळ निघते. खरंच रंग उडाला असेल तर तेही क्रमानं घडतं. जुने बोर्ड आठवा: पुढाऱ्यांचे चेहरे निळे, फेटे पांढुरके, काळी अक्षरं मात्र ठणठणीत. अतिनील किरणांत रेणूंमधले बंध तोडण्याइतकी ऊर्जा असते. ३४० नॅनोमीटरच्या किरणाची ऊर्जा साध्या कार्बन-कार्बन बंधाच्या तोडीची भरते. स्वस्त शाईतला पिवळा आणि मॅजेंटा या माऱ्यात आधी पडतात. काळा म्हणजे काजळीच, तिला ऊन फारसं काही करत नाही. आणि सायन असतो कॉपर थॅलोसायनिनचा, तांब्याचा अणू मधोमध धरून बसलेल्या कडक रेणूचा. या कुळातला निळा पदार्थ १९२८ साली स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमथच्या रंग कारखान्यात अपघातानंच पुढं आला. भांड्याचं काचेचं अस्तर तडकलं, आतलं लोखंड उघडं पडलं आणि पांढऱ्या रसायनात निळसर घाण दिसू लागली. त्या घाणीच्या तपासातून तांब्याचा निळा १९३५ मध्ये बाजारात आला. अजिंठ्याच्या चित्रांतला निळा लाजवर्दी दगडाचा, तोही पक्का. पण त्याला गुहेचा अंधारही मिळाला.

ऊन कुठल्या भिंतीवर पडतं, हाही हिशेब आहे. लोक म्हणतात, मे महिन्यात बोर्ड मरतो. पण मेच्या मध्यात लातुरात भरदुपारी सूर्य डोक्यावर असतो, सावलीसुद्धा पायाखाली जाते. तेव्हा दक्षिणेकडं तोंड केलेल्या उभ्या बोर्डाला ऊन जवळपास घासून जातं. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला झुकला की तोच बोर्ड दुपारभर ऊन समोरून खातो. उन्हाळ्यात पूर्व-पश्चिम बोर्डांची पाळी. वर्षभर टिकवायचा बोर्ड असेल तर विनाइलवर छापून अतिनील रोखणारं लॅमिनेशन करून घ्यावं. आठ दिवसांच्या वाढदिवसाला तो खर्च कशाला?

कापडाचा रंग उन्हात किती टिकतो हे तपासताना नमुन्याचा काही भाग झाकून ठेवतात आणि उघड्या भागाशी ताडून बघतात. दिवाळीच्या आधी आत्याच्या रानात सोयाबीनच्या ढिगावर टाकलेला जुना फ्लेक्स दिसला, मागच्या निवडणुकीचा. सगळे चेहरे निळे पडलेले. मधोमध मात्र एक लखलखीत चौकोन होता, कडा पट्टीनं आखल्यासारख्या. तिथं कुणीतरी आपल्या वाढदिवसाचा छोटा बॅनर त्यावरच ठोकला होता. आता तो निघून गेला होता, आणि त्याखालचा अर्धा फेटा अजून भगवा होता.